विसरणाऱ्याचा थोरला भाऊ

१२ जुलै १९९९, सोमवार

ही वही माझी नाही. डॉक्टरांनी ती माझ्या धाकट्या भावासाठी आणायला सांगितली होती. "रोज जे घडेल ते लिहू दे त्याला. आठवायला मदत होईल." मी चांगली दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची आणली. प्रसेनजीतनं पहिल्या पानावर झोकात नाव लिहिलं, वही उशाखाली सारली आणि दहा मिनिटांनी मलाच विचारलं, "दादा, ही वही कुणाची रं?"

चांगला कागद वाया जाऊ नये म्हणून घरी घेऊन आलो. पहिलं पान फाडलं. आता लिहिणारा मी. विसरतो तो, आणि वही ठेवायची मी. आमच्या घरातली कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे.

आठ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तो राजारामपुरीत टायपिंगचा क्लास चालवतो आणि क्लासच्या मागच्याच खोलीत राहतो. मी सरकारी क्वार्टरमध्ये. मधे सिटी बसचे तीन थांबे. ऑफिसला जाताना बस रोज त्याच्या पाटीसमोरून जाते आणि मी रोज दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघतो. शुक्रवारी ऑफिसात फोन आला: तुमच्या भावाला मेंदूज्वर झालाय, तीन आठवडे दवाखान्यात आहे, शुद्धीवर आल्यापासून ‘नागसेनदादाला बोलवा’ एवढंच म्हणतोय. माणुसकी म्हणून गेलो. पाच मिनिटं उभं राहून परत यायचं ठरवलं होतं.

मला बघून तो उठूनच बसला. "आलास व्हय! कवाधरनं वाट बघालोय. ऑफिसातनं सोडलं न्हाईत काय?" जसं काही आम्ही कालच जेवायला एका ताटात बसलो होतो.

डॉक्टरांनी बाहेर नेऊन समजावलं. तापानं मेंदूचा एक कोपरा खाल्ला. गेल्या आठ-नऊ वर्षांतलं जे घडलं ते पुसलं गेलंय. त्याआधीचं शाबूत. नवीन काही डोक्यात दहा मिनिटांच्या वर टिकत नाही. पण भाषा, जगाची माहिती, हातातलं कसब हे सगळं वेगवेगळ्या जागी साठवलेलं असतं, ते शिल्लक आहे. मी हेड क्लार्क, मला लगेच कळलं. टपाल घेणारं टेबल बंद, रेकॉर्ड रूम अर्धी जळालेली, पण बाकी कर्मचारी जागेवर हजर. अशी कचेरी चालते. आमची चालतेच की.

थोडक्यात, आमचं भांडण तो विसरला. मजा आहे एका माणसाची.

१३ जुलै, मंगळवार

आज त्यानं विचारलं, "आई कुठाय, दादा? ती का आली न्हाय?"

आई जाऊन अडीच वर्षं झाली. मी सांगितलं. खरं ते सांगावं. तो लहान पोरासारखा रडला, कॉटची दांडी धरून. नर्सनं पाणी दिलं. डोळे पुसले, गप्प झाला. मग खिडकीतून बघितलं, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आई कुठाय, दादा?"

एका दिवसात आई चार वेळा गेली. चौथ्या वेळेला मीच बाहेर गेलो.

दारात त्याची बायको, संयोगिता. तीन आठवडे तिथंच फरशीवर झोपतेय. आठ वर्षांत मी तिच्याशी एक शब्द बोललेलो नाही आणि तीही मला काही म्हणत नाही, दादा नाही की अवो नाही. वाक्य थेट क्रियापदापासून सुरू करते.

"सांगू नगासा त्यांस्नी. कुरुंदवाडात हाय म्हणा."

"खोटं बोलायचं? पंचशीलातलं चौथं शील आहे ते," मी म्हणालो.

"मग कार्ड टाकलासा तवा कितवं शील हुतं?"

हिचा हा जुना आरोप. आई कुरुंदवाडच्या घरी वारली तेव्हा मी प्रसेनजीतला रीतसर पोस्टकार्ड टाकलं होतं. ते चौथ्या दिवशी पोचलं. पोस्टखात्याचा कारभार माझ्या हातात नाही.

१७ जुलै, शनिवार

संयोगिता औषधं आणायला गेली आणि प्रसेनजीतनं मला जवळ बोलावलं. इकडं तिकडं बघून कानात म्हणाला, "दादा, एक सांगायचं हाय. रागावू नगंस."

"काय?"

"ती दारात बसती न्हवं, संयोगिता. माझ्या क्लासची पोरगी. वारणाकाठच्या पाटलांची. आमी दोघांनी..." मान खाली. "लगीन करायचं म्हणालोय. तूच आईला सांग. तुझं ऐकती ती."

मग स्वतःशीच बोलल्यासारखा, "लई वाळल्यागत दिसालीय पण. आजारी हुती काय रं?"

एक्क्याण्णव साली हेच वाक्य, अशीच खाली घातलेली मान. तेव्हा मी थोरल्या भावाच्या नात्यानं त्याला चार गोष्टी समजावून सांगितल्या होत्या. आवाज जरा चढला असेल. मी व्यासपीठावर जातीअंतावर बोलतो हे खरं, जिल्ह्यातून बोलावणी येतात. पण तो सामाजिक प्रश्न आहे. त्याची सुरुवात आमच्याच स्वयंपाकघरातून करावी असा काही ठराव झालेला नव्हता. शिवाय तिची माणसं कुरुंदवाडच्या आमच्या वस्तीत गाड्या भरून आली असती तर आईचं काय झालं असतं? आली नाहीत, ती गोष्ट वेगळी. त्यांनी जित्या पोरीचं तेरावं घातलं आणि मोकळे झाले. आमच्याकडं तेरावं नसतं, म्हणून मी नुसतं बोलणं बंद केलं.

आज म्हणालो, "बघू."

तेवढ्यानंसुद्धा तो खूश झाला. दहा मिनिटांनी पुन्हा जवळ बोलावलं. "दादा, एक सांगायचं हाय. रागावू नगंस."

२८ जुलै, बुधवार

घरी सोडलं. घरी म्हणजे क्लासवर. पाटीवर फोन नंबर ठळक रंगवलाय, आज पहिल्यांदाच पाहिला.

जिना चढून तो थेट खिडकीजवळच्या मशीनवर जाऊन बसला. समोर सरावाचा उतारा होता. त्यानं बोटं ठेवली आणि धाडधाड सुरू. ओळ संपली की घंटी, डावा हात आपोआप दांडीकडं. पान संपलं, चूक एक नाही. संयोगिता दाराला टेकून उभी, पदर तोंडाशी.

मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. "ख कुठल्या बोटानं मारतोस?"

तो विचारात पडला. हात वर धरून बोटांकडं परक्यासारखा बघत राहिला. "काय की, दादा. सांगाय येत न्हाय." मग मशीनवर हात ठेवले आणि ‘ख’ मारून दाखवला.

"आत्ता टाइप केलंस त्या उताऱ्यात काय होतं?"

"कुठला उतारा?"

मला आमच्या ऑफिसातले सगळे टायपिस्ट आठवले. त्यांना मेंदूज्वर झालेला नाही.

१ ऑगस्ट, रविवार

श्रुतीची आई, म्हणजे आमची सौभाग्यवती, डबा घेऊन क्लासवर गेली. मला न विचारता. आली ती दोन तासांनी. "काय बोललीस तिच्याशी दोन तास?" विचारलं तर म्हणे, "तुम्ही आठ वर्षं बोलला न्हाईसा, त्यातलं थोडं."

सगळ्यांच्या जिभेला धार आलीय. आजार त्याला, आणि धार ह्यांना.

२२ ऑगस्ट, रविवार

टायपिंगची पोरं कॉम्प्युटरकडं पळायला लागलीत, म्हणून संयोगितानं एक जुना कॉम्प्युटर आणलाय. त्याच्यावरच्या मराठी अक्षरांच्या जागा मशीनपेक्षा सगळ्या वेगळ्या. जिथं बोट ‘क’ला जातं तिथं भलतंच उमटतं. मी महिनाभर रोज ऑफिस सुटलं की क्लासवर जातो. मीपण शिकतोय, सरकारनं सक्ती करायच्या आत.

प्रसेनजीत रोज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसतो आणि म्हणतो, "ही काय भानगड हाय? मी कधी हात लावला न्हाय ह्याला." आणि हात लावतो. पहिल्या दिवशी मिनिटाला चार शब्द, तेही शिव्या दिल्यासारखे. आठवड्यानं दहा. आज पंचवीस. "अरं, सोपं हाय की! पहिल्याच दिवशी जमलं!" असं रोज म्हणतो.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, हातांना नवीन शिकता येतं, शिकल्याचं मात्र माणसाला कळत नाही. त्यांच्या विषयात हे प्रसिद्ध आहे.

माझी गोष्ट उलटी. मला महिनाभरातला प्रत्येक धडा तारखेनिशी आठवतो. वेग: मिनिटाला सहा.

३० ऑगस्ट, सोमवार

रोज तीच कानगोष्ट ऐकून कंटाळलो. आज म्हणालो, "कर लगीन. चांगली पोरगी हाय."

असा बघत राहिला माझ्याकडं. मग उठून मिठीच मारली. क्लासमधल्या पोरी टायपिंग थांबवून बघायला लागल्या. "आईला?" म्हणाला. "आईला मी सांगतो," म्हणालो. मी रुमाल काढला. धूळ असते तिथं, जुन्या कागदांची.

दहा मिनिटं टिकलं. पण आता कळलंय की ‘कर लगीन’ म्हणायला काही लागत नाही. रोज म्हणतो. फुकटात रोज एक लग्न.

११ सप्टेंबर, शनिवार

क्लासची ट्यूब फडफडत होती. स्टार्टर फिरवायला मी त्याच्या शेजारी उभा राहून हात वर केला. त्यानं एकदम डावा गाल झाकला आणि मान खांद्यात घातली.

"काय झालं?"

"काय की. हात आपोआप गेला." तोच गोंधळला होता, हसला.

संयोगिता माझ्याकडं बघत होती. "डास असेल," मी म्हणालो.

नंतर तिनं डॉक्टरांना विचारलंच, माझ्यासमोर. ते म्हणाले, भीतीची नोंद आणखी वेगळ्या जागी असते. प्रसंग पुसला तरी भीती राहू शकते. कुणी मारलं होतं का त्याला कधी?

मी घड्याळ बघितलं, बसची वेळ झाली होती.

एवढा बाऊ करण्यासारखं काही नव्हतं. आणि मुळात एकच होती.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सभागृह भरलेलं. मी प्रमुख वक्ता. श्रुतीच्या आईनं प्रसेनजीतला आणि संयोगिताला आणून दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. वंदना सुरू झाली तेव्हा तो सगळ्यांच्या आधी, खणखणीत, एकही शब्द न चुकता म्हणत होता. मी मधेच कुठंतरी अडखळलो.

भाषण रंगलं. शेवटी मला आतूनच स्फुरलं. म्हणालो, "जातीअंत हा बोलण्याचा विषय नाही, करण्याचा आहे. माझ्या धाकट्या भावाचा आंतरजातीय विवाह झाला. आमच्या कुटुंबानं त्या मुलीला आपली मानलं. ते दोघं आज इथं बसलेत." टाळ्यांचा कडकडाट. लोक माना वळवून बघायला लागले. प्रसेनजीत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता, शेजारच्याला सांगत होता, "माझा दादा हाय."

संयोगिता उठून बाहेर गेली. गर्दीत तिला उकडलं असावं.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

उकडलं नव्हतं.

जिन्यातच अडवलं तिनं. "काल कुणाचं लगीन लावून दिलासा?"

"लोकांना एक चांगलं उदाहरण..."

"आमचं लगीन हुतं त्या दिवशी साक्षीदार कमी पडला. रस्त्यावरच्या चहावाल्याला बोलीवला. हे तुमची वाट बघत दीड तास कचेरीच्या पायरीवर बसल्ते. गालावर वळ हुता तुमच्या हाताचा. ह्यांस्नी आठवत न्हाय. मला आठवतंय." आणि बाजूला झाली. "जावा वर. वाट बघाल्यात."

उत्तर सुचलं, पण क्वार्टरच्या दारात पोचल्यावर. आता ते लिहायला बसलो तर तेही आठवत नाही. हा आजार संसर्गजन्य असतो का, डॉक्टरांना विचारायला हवं.

१३ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी संयोगिताचा फोन. प्रसेनजीत नाही. ती बँकेत गेली, तेवढ्यात हा चप्पल घालून निघून गेला. क्लासमधल्या मुलीला सांगून गेला, "आईला आणाय चाललोय."

आणि कुठं जाणार? चार महिने आम्ही सगळे त्याला तेच तर सांगत होतो. आई कुरुंदवाडात हाय.

रिक्षानं स्टँड. तो नव्हता. कंट्रोलरनं सांगितलं, कुरुंदवाडची गाडी अर्ध्या तासापूर्वी सुटली. पुढच्या गाडीत मी आणि संयोगिता एका बाकावर, मधे तिची पिशवी. अख्खी वाट ती एकच वाक्य बोलली: "नदीकडं गेल्यात काय कुणास ठाऊक." नंतर मी पण तेच मनात म्हणत राहिलो. पंचगंगेला पाणी अजून बरंच आहे.

जुना रस्ता त्याला ठाऊक होता. कुठं उतरायचं, कुठल्या बोळानं जायचं, पायांनी त्याला नीट नेलं. आमच्या घराला कुलूप. शेजारच्या तानाबाईच्या उंबऱ्यावर तो बसला होता, हातात चहाची बशी, आणि तोंडावर रडून गेल्याची खूण. तानाबाई ऐंशीच्या घरातली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं विचारल्याबरोबर खरं सांगून टाकलं होतं.

आम्हाला बघून तिचा तोल गेला. "आता आलासा व्हय रं? पारूबाई आठ दिस हातरुणावर हुती. दाराकडं तोंड करून. ‘पर्श्या आला काय, पर्श्या आला काय’, येकच. नागू म्हणायचा, ‘कळवलंय, आई. येतोय त्यो.’ मग कशाला आला न्हाईस रं पर्श्या? माय तुझ्या नावानं डोळं उघडं ठेवून गेली."

प्रसेनजीत मला म्हणाला, "कळवल्तंस व्हय, दादा? मी का आलो न्हाय मग?"

संयोगिता माझ्याकडं बघत नव्हती. ती जमिनीकडं बघत होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. आठ दिवस. आणि कार्डावरचा शिक्का आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

गाडीत तो खिडकीशी झोपला. उठल्यावर म्हणाला, "कुठं गेल्तो आपण? लई जड वाटालंय छातीत."

१५ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला रजा टाकली. कारण: घरगुती.

क्लासवर संयोगिता नव्हती. मी प्रसेनजीतच्या समोर बसलो आणि सगळं सांगितलं. आईनं तुला बोलवायला सांगितलं होतं. मी कळवलं नाही. कळवलं असं तिला सांगितलं. क्लासचा फोन नंबर मला पाठ होता. रोज बसमधून वाचायचो. ती गेल्यावर कार्ड टाकलं, मुद्दाम कार्ड. तू यावंस, लोकांसमोर मला विचारावंस, हे मला नको होतं.

त्यानं खुर्ची पुढं ओढली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "झालं ते झालं, दादा. तू नगं रडू."

मी रडत नव्हतो असं लिहिणार होतो.

इतकं हलकं वाटलं की खाली जाऊन दोन कटवडे खाल्ले. परत आलो तर तो म्हणाला, "दादा, कवा आलास?" आणि मला वाटलं, काय सोयीचा माणूस आहे! गुन्हा सांगा, माफी घ्या, दहा मिनिटांत पुरावा नष्ट.

संयोगिता मागच्या खोलीत होती. बाहेर गेलीच नव्हती. दारात येऊन उभी राहिली.

"इसरणाऱ्याकडं माफी मागितलासा. मी हाय की हितं. मी इसरत न्हाय."

वीस वर्षं व्यासपीठावर बोलतोय.

"तुम्ही ऐकलंत ना सगळं," एवढंच निघालं.

"ऐकलं. मला सांगितलं न्हाईसा."

१६ नोव्हेंबर, मंगळवार

गेलो. सांगितलं. तिच्याकडं बघून, उभ्यानं. थप्पडसुद्धा. पायरीवर तो दीड तास बसला होता तेव्हा मी बसच्या थांब्यावर, समोरच्या बाजूला होतो, हेही. ते तिला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. बस तीनदा आली आणि गेली.

ती बराच वेळ टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छ होतं.

"मी माफ करणार न्हाय," ती म्हणाली. "आत्ता तरी न्हाय. त्या दिवशी टाळ्या घेतलासा न्हवं? त्याच लोकांस्नी सांगा हे. त्याच माईकवर."

"माझी काय राहील तिथं?"

"आमची काय राहिली हुती?"

२० नोव्हेंबर, शनिवार

सहा डिसेंबरच्या अभिवादन सभेला मला बोलावणं आहे. तब्येतीचं कारण कळवावं असा विचार केला. मसुदा तयार केला, चांगला झाला. श्रुतीच्या आईनं वाचला आणि चुलीत घातला म्हणावं तर गॅस आहे. तिनं चार तुकडे करून मलाच परत दिला.

"सांगितलंसा तर लोक चार दिवस बोलतील," म्हणाली. "न सांगता मी कायम बोलीन."

६ डिसेंबर, सोमवार

बोललो.

लिहून नेलेलं खिशातच राहिलं. म्हणालो, ऑक्टोबरमध्ये इथं मी जे सांगितलं ते खोटं होतं. आमच्या कुटुंबानं मुलीला आपली मानलं नाही. मी भावाला थप्पड मारून घराबाहेर काढलं. आई त्याची वाट बघत गेली आणि मी त्याला बोलावलं नाही. बाबासाहेबांचा फोटो पाठीशी लावून मी वीस वर्षं लोकांना शिकवलं आणि माझ्या घरात एक ओळ पाळली नाही. चार मिनिटं लागली असतील.

टाळी नाही. खोकलासुद्धा नाही. अध्यक्षांनी घाईघाईनं पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. खाली उतरलो तर पहिल्या रांगेतल्या दोन ओळखीच्यांनी पाय आत घेतले, मला जायला वाट म्हणून की कशासाठी, कळलं नाही. पुढची बोलावणी येणार नाहीत. श्रुतीच्या आईनं शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवली होती.

सभा संपून आम्ही चौघं रस्त्यावर आलो तोवर अर्धा तास उलटला होता. प्रसेनजीतचे डोळे ओलेच. तो थांबला.

"दादा, मी का रडालोय? काय झालंय?"

संयोगिता बघत होती, मी काय करतो ते.

"आई गेली," मी म्हणालो. "तीन वर्षं झाली. ती तुला बोलवत होती. मी कळवलं न्हाय."

"का रं?"

"राग हुता."

"कुणाचा?"

"तुझा म्हणायचो. माझाच असंल."

तो शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसला आणि रडला. मी पण बसलो. रस्त्यावरचे लोक बघत होते, बघू देत. त्यानं नाक पुसलं, माझ्याकडं बघितलं. "आता हाय काय राग?"

"न्हाय."

"मग ऊठ. गार पायरी हाय."

रिक्षात बसताना संयोगिता मला म्हणाली, "उद्या परत इचारतील. कुरुंदवाड म्हणू नगासा आता. हे असंच सांगा. कमी न्हाय, जास्त न्हाय. मी बी असंच सांगीन."

"रोज?"

"इचारतील तवा."

७ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसात कुणी बोललं नाही. शिपायानं चहा आणला, बाकीच्यांना आधी.

संध्याकाळी क्लासवर. त्यानं विचारलं. सांगितलं. रडला. मग कॉम्प्युटरवर बसला: मिनिटाला अडतीस.

८ डिसेंबर, बुधवार

विचारलं. सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल अशी समजूत होती.

११ डिसेंबर, शनिवार

संयोगिताला परीक्षेच्या अर्जांसाठी बाहेर जायचं होतं. साडेसातची बॅच मी घेतली. मिनिटाला नऊ शब्द टाइप करणारा मास्तर मिळाला म्हणून पोरींनी आनंद मानून घेतला.

प्रसेनजीत दिवसभर खुशीत होता. आज त्यानं आईबद्दल विचारलंच नाही. निघताना मी जिन्याच्या तोंडाशी उगीच चपलेचा बंद लावत बसलो. त्याला विचारायचं असेल तर वेळ असावा म्हणून.

"दादा," तो आतून म्हणाला.

"काय रं?"

"उद्या येतोस न्हवं?"